पोट्ट्यानं सेट करून दिलेलं वॉलेट

पत्र आलंय नागपूरच्या प्रतापनगरहून. लांब होतं, जागेसाठी आखडून देते.

"बँकेतून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. मुलगा पुण्याला असतो. त्याच्या नादानं थोडं थोडं करत चारेक लाखांचं बिटकॉइन घेतलं, ते एका एक्स्चेंजवर, म्हणजे खरेदी-विक्रीच्या ऑनलाइन बाजारात, पडून आहे. एक्स्चेंज हॅक झाल्याच्या बातम्या वाचून झोप लागेना, म्हणून मुलानं सुचवलेलं हार्डवेअर वॉलेट, म्हणजे बिटकॉइनसाठीचं छोटं यंत्र, घ्यायचं ठरवलं. बर्डीवर एका ओळखीच्या मोबाइलच्या दुकानात लेजर कंपनीचं नॅनो एस प्लस मिळालं, तेही कंपनीच्या भावापेक्षा जवळपास तिसऱ्या हिश्श्यानं स्वस्त. म्हणाला, भावानं दुबईहून आणलं. डब्यावरचं प्लास्टिक शाबूत होतं. पोरानं माझ्यासमोर डबा उघडला, दुकानातल्या लॅपटॉपला जोडून वस्तू अस्सल असल्याची खूण दाखवली, पिन घालून दिला आणि चोवीस शब्द सुरेख अक्षरात कार्डावर लिहून दिले. सेटिंगचे पैसेही घेतले नाहीत. घरी येऊन पंधरा हजारांचं बिटकॉइन त्यावर पाठवलं, व्यवस्थित पोचलं. आता बाकीचं पाठवतो म्हटलं तर आमची सौ. म्हणते, 'त्या पोट्ट्याले शब्द ठाऊक आहेत ना?' पोरगा चांगला आहे, त्याच्या वडिलांना मी वीस वर्षांपासून ओळखतो. मशीननंही अस्सल म्हणून सांगितलं. मग आणखी काय तपासायचं असतं? की ही उगाच शंका घेऊन राहिली?"

नमस्कार काका,

काकूंनी एका वाक्यात जे विचारलं ते विचारायला मला पानभर लागलं असतं. बाकीचे पैसे पाठवू नका. जे पंधरा हजार गेलेत तेही आज संध्याकाळपर्यंत तिथून काढा. कसे, ते पुढे सांगते. त्याआधी एक गोष्ट नीट बसू द्या, कारण ती बसली की उरलेलं तुम्ही माझ्याशिवायही कराल.

त्या पेनड्राइव्हएवढ्या वस्तूत तुमचं बिटकॉइन नाहीच. बिटकॉइनची नोंद जगभरच्या संगणकांवरच्या खातेवहीत असते, आणि ती नोंद हलवायचा अधिकार ज्या गुप्त किल्लीकडे असतो ती किल्ली त्या चोवीस शब्दांतून तयार होते. उपकरण ती किल्ली आत सांभाळतं आणि व्यवहारावर आतल्या आत सही करतं, म्हणून लॅपटॉपमध्ये व्हायरस असला तरी किल्ली त्याच्या हाती लागत नाही. पण कुणाकडे ते चोवीस शब्द असले तर त्याला तुमचं उपकरण लागत नाही, पिन लागत नाही, तुमच्या घराचा पत्ताही लागत नाही. तो भंडाऱ्यात बसून दुसऱ्या एखाद्या यंत्रात ते शब्द भरेल आणि रक्कम उचलेल. तुमचं वॉलेट तेव्हा कपाटात, रुमालात गुंडाळलेलं, पूर्ण अस्सल अवस्थेत पडलेलं असेल.

तुम्ही बँकेत होता, तेव्हा तुमच्याच भाषेत बोलते. तिजोरीच्या किल्ल्या दोन अधिकाऱ्यांकडे असायच्या. एकाची बदली झाली की चार्ज देताना-घेताना रोकड मोजायची, किल्ली ताब्यात घ्यायची, रजिस्टरला सही करायची. जुन्या अधिकाऱ्यानं जाताना म्हटलं असतं, "किल्लीची एक नक्कल माझ्याकडे राहू द्या, मी काही करत नाही," तर तुम्ही सही केली असती का? तो माणूस लाख सज्जन असता तरी नसती केली.

तुम्ही जी तपासणी दुकानात पाहिली ती खोटी म्हणत नाही मी. तिला काय कळतं आणि काय कळत नाही, एवढंच सांगते. लेजरच्या आत एक सुरक्षित चिप असते, तिच्यात कारखान्यातच एक गुप्त किल्ली बसवलेली असते. तुम्ही ते लॅपटॉपवरच्या कंपनीच्या अ‍ॅपला जोडता तेव्हा कंपनीचा सर्व्हर चिपला एक दर वेळी वेगळं असणारं कोडं घालतो, चिप त्यावर सही करून उत्तर देते आणि सर्व्हर ती सही पडताळतो. नक्कल केलेल्या वस्तूला हे जमत नाही. इतवारीच्या सराफ्यात दागिना घेताना आपण हॉलमार्कचा सहा अक्षर-आकड्यांचा क्रमांक बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकून बघतो, तसंच हे. सोनं बावीस कॅरेटचं आहे हे त्यातून कळतं. ते सोनं ज्या लॉकरमध्ये ठेवणार त्याची दुसरी किल्ली कुणाकडे आहे, हे हॉलमार्क सांगणार कसा?

आणि काका, ती तपासणी झाली दुकानाच्या लॅपटॉपवर. त्या लॅपटॉपवरचं अ‍ॅप खरं होतं की हिरवी खूण दाखवण्यापुरतं बनवलेलं, हे तुम्हाला माहीत नाही आणि कदाचित त्या पोरालाही नसेल. नोव्हेंबर २०२३ मध्ये चक्क मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत स्टोअरवर लेजरचं बनावट अ‍ॅप येऊन बसलं होतं. लोकांनी विश्वासानं त्यात आपले शब्द टाकले आणि काही लाख डॉलरचं बिटकॉइन गेलं. तेव्हा ही तपासणी तुमच्या घरच्या लॅपटॉपवर पुन्हा व्हायला हवी. अ‍ॅप गूगलवर शोधू नका, वर जाहिराती म्हणून जे दिसतं त्यात भामटे पैसे भरून बसलेले असतात. ब्राउझरच्या वरच्या पट्टीत लेजर डॉट कॉम हा पत्ता स्वतः, अक्षर अक्षर बघून टाइप करा आणि तिथून उतरवा.

डब्यावरच्या प्लास्टिकबद्दल तुम्ही खास लिहिलंय, म्हणून सांगते. लेजर कंपनी डब्याला छेडछाड ओळखायचं सील लावतच नाही, आणि तसं उघड सांगते. कारण सील परत चिकटवणं ही काही अवघड विद्या नाही. डबा गुंडाळायचं प्लास्टिक आणि गरम हवेचं यंत्र आपल्याकडे मिठाईवालेही बाळगतात. उलट किस्सा बघा. मे २०२३ मध्ये कॅस्परस्की या सुरक्षा कंपनीनं ट्रेझर या दुसऱ्या कंपनीच्या एका मॉडेल टी वॉलेटची चिरफाड प्रसिद्ध केली. जाहिरातीतून घेतलेलं, डबा ठाकठीक, होलोग्रामची चिकटपट्टी जागेवर. वापरतानाही काही वेगळं जाणवलं नाही. उघडून पाहिल्यावर आतून भरपूर गोंद आणि दुतोंडी टेप निघाला, मूळची चिप काढून दुसरी बसवलेली होती. ते यंत्र मालकाला नवे शब्द दाखवायचं, पण ते नवे नव्हते. चोरानं आधीच ठरवलेल्या वीस संचांपैकी एक संच असायचा. मालकाचं १.३३ बिटकॉइन गेलं, तेही वॉलेट कुठल्याही संगणकाला जोडलेलं नसताना.

त्याहून सोपी तऱ्हा २०१८ च्या सुरुवातीला उघडकीला आली होती. ऑनलाइन लिलावातून घेतलेल्या लेजरसोबत एक झकास छापलेलं कार्ड, लॉटरीच्या तिकिटासारखं खरवडायचं, खाली चोवीस शब्द. खरेदीदाराला वाटलं, कंपनीनं किती सोय केलीय! उपकरण अस्सल होतं. शब्द मात्र विकणाऱ्यानं आधीच काढून ठेवले होते.

तुमचं प्रकरण यातल्या दुसऱ्या जातीचं आहे, फक्त हेतू बहुधा चांगला. तुमच्या पोरानं खरवडायचं कार्ड दिलं नाही, सुरेख अक्षरात लिहून दिलं. परिणाम तोच.

आता त्या पोराविषयी, कारण तुमच्या पत्रात खरी अडचण तीच दिसतेय. तुम्हाला त्याच्यावर संशय घ्यायचा नाही, आणि मीही घेत नाही. आपल्याकडे नवा फोन घेतला की दुकानातलाच पोरगा व्हॉट्सअ‍ॅप टाकून देतो, जीमेलचा पासवर्डसुद्धा तोच ठरवतो, आपण चहा पीत बसतो. त्यानं त्याच सवयीनं केलं. पण मी स्वतः एकदा तो पोट्टा झाले होते, म्हणून हे जरा वेगळ्या बाजूनं सांगते.

धरमपेठेत आमच्या शेजारी एक काका होते. मे महिना, बाहेर पंचेचाळीसच्या वर पारा, स्वयंपाकघरात कूलर धडधडत होता आणि टेबलावर त्यांचं नवंकोरं वॉलेट. चष्मा सापडेना, म्हणून म्हणाले, तूच लिही गं शब्द. मी लिहिले. कूलरच्या हवेनं कागद उडू नये म्हणून त्यावर मिठाची बरणी ठेवल्याचंही आठवतं. चार महिन्यांनी एका रविवारी सकाळी त्यांचा फोन, "ये जरा." गेले तर अ‍ॅपमध्ये शिल्लक शून्य. काका काही बोलले नाहीत. काकूही नाही. पण त्या दोघांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर मला अजून आठवते. वीस मिनिटांनी लक्षात आलं की मुलानं लॅपटॉप बदलून दिला होता आणि नव्या अ‍ॅपमध्ये बिटकॉइनचं खातं जोडायचंच राहून गेलं होतं. जोडलं, सगळी रक्कम जागेवर. मग तर्री-पोहे झाले, हसणं झालं. पण ती वीस मिनिटं मी चोर होते, आणि मी चोर नाही हे सिद्ध करायचा माझ्याकडे काहीही मार्ग नव्हता. शब्द मला आठवत नाहीत, हे कसं दाखवून देणार?

तेव्हा शब्द बदलणं म्हणजे त्या पोराचा अपमान नव्हे. उद्या काही कमीजास्त झालं तर त्याच्या वडिलांशी तुमची वीस वर्षांची ओळख पणाला लागू नये, म्हणून बदलायचे. शिवाय तो प्रामाणिक असला तरी त्यानं कार्ड लिहिताना फोननं एखादा फोटो काढून ठेवला असेल ("काका हरवतील म्हणून"), तो फोटो क्लाउडवर गेला असेल, तो फोन उद्या विकला जाईल. त्यातलं काय झालं हे तुम्ही त्याला विचारून कळणार नाही. विचारूही नका.

आता करायचं काय. निवांत, घरच्या टेबलावर बसा. काकूंना सोबत घ्या, पण फोन दुसऱ्या खोलीत ठेवा.

आधी आपल्या लॅपटॉपवर अस्सलतेची तपासणी करा. अ‍ॅप परवानगी मागेल, उपकरणावरची दोन्ही बटणं एकदम दाबली की ती मिळते. इथे नापास झालं तर विषय संपला: उपकरण बाजूला, पंधरा हजार परत एक्स्चेंजवर, आणि वस्तू दुकानात. पास झालं तरी पंधरा हजार आधी परत पाठवाच. एक्स्चेंज बाहेरून आलेलं घेत नसेल तर मुलाच्या वॉलेटवर तात्पुरते पाठवा. नेटवर्कचं शुल्क लागेल थोडं, लागू द्या.

रक्कम निघून गेली, समोरच्या टोकाला पोचल्याचं दिसलं, की मग वॉलेट पुसायचं. त्यासाठी मेनूत शिरायचीही गरज नाही, चुकीचा पिन लागोपाठ तीनदा टाकला की लेजर स्वतःला कोरं करून घेतं. पहिल्यांदा छातीत धस्स होतं. होऊ द्या. कोरं झाल्यावर ते पिन विचारणार नाही, नवा पिन ठरवायला सांगेल. खरं तर नव्या वस्तूनं डब्यातून निघताना असंच वागायला हवं. आधीपासून पिन असलेलं, किंवा सोबत शब्द छापून आलेलं वॉलेट नवं नसतंच.

मग "नवीन उपकरण" हा पर्याय घ्या आणि पिन तुमचा तुम्ही ठरवा, जन्मतारीख नको, गाडीचा नंबर नको. उपकरणाच्या त्या बोटभर पडद्यावर एकेक करून चोवीस शब्द येतील. इंग्रजी असतात, २०४८ शब्दांच्या ठरलेल्या यादीतले. तुम्ही लिहा, तुमच्या हातानं, चष्मा लावून. क्रम महत्त्वाचा. लॅपटॉपवर टाइप करायचे नाहीत, फोटो नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर मुलाला नाही. काकूंनी मोठ्यानं वाचून दाखवायचेही नाहीत, उन्हाळ्यात आपली खिडकी उघडी असते आणि शेजारच्यांचीही.

आता अ‍ॅपमध्ये बिटकॉइनचं खातं उघडून पैसे घ्यायचा पत्ता काढा. अ‍ॅपवर एक पत्ता दिसेल, उपकरणाच्या पडद्यावरही दिसेल. दोन्ही ताडून बघा, नुसती पहिली चार अक्षरं नाही, मधलीही. फरक असेल तर उपकरणाच्या पडद्यावरचाच खरा मानायचा, लॅपटॉपवर कॉपी केलेला पत्ता गुपचूप बदलणारे व्हायरस असतात. हा पत्ता गुप्त नसतो, वहीत लिहून ठेवला तरी चालतो.

आणि आता ती पायरी, जी दहातली नऊ माणसं गाळतात. पुन्हा तीनदा चुकीचा पिन. पुन्हा कोरं. या वेळी "शब्दांवरून परत आणा" हा पर्याय घ्या आणि तुमच्या कागदावरचे शब्द भरा. दोन बटणांनी एकेक अक्षर पुढे-मागे करत चोवीस शब्द भरायला अर्धा तास लागतो, बोटं दुखतात, माणूस वैतागतो. शेवटी खातं उघडल्यावर वहीतला तोच पत्ता उपकरणावर आला, तर तुमचा कागद बरोबर आहे. न आला तर तुम्ही कुठेतरी एखादं अक्षर चुकवलंय, आणि ते आज कळलं, खातं रिकामं असताना, हे फार बरं झालं. मग पहिल्यापासून.

एक्स्चेंजवरून आधी पाचशे-हजारांचं पाठवा. आलं की बाकीचं. आपल्याच नावाच्या एका जागेवरून आपल्याच दुसऱ्या जागी हलवणं म्हणजे विक्री नव्हे, पण तारीख आणि रक्कम वहीत टिपून ठेवा. पुढे कधी विकलं तर नफ्यावर ३० टक्के कर आहे, आणि तेव्हा तुमच्या सीएला ही वही लागेल.

कॅस्परस्कीनं उघडलं तसलं, मुळातच बिघडवलेलं यंत्र आपलं निघालं तर? हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. शब्द परत आणायच्या चाचणीत ते पकडलं जात नाही, कारण चोराचे शब्दही परत येतातच. तिथे अस्सलतेची तपासणीच कामाला येते, म्हणून ती आपल्या लॅपटॉपवर करायचा एवढा आग्रह. काही उत्साही लोक उपकरण उघडून आतला बोर्ड कंपनीनं दिलेल्या फोटोंशी ताडतात. तुम्ही नका उघडू. तपासणी पास आणि शब्द स्वतः काढलेले, एवढ्यावर मी स्वतः चार लाख त्यात ठेवले असते. चाळीस लाख असते तर दुबईवाल्या भावाला नमस्कार करून थेट कंपनीकडून दुसरं मागवलं असतं. तिसऱ्या हिश्श्यानं स्वस्त वस्तू कुठून आली, हे त्या भावालाही धड सांगता येणार नाही.

कागदाचं आता. नागपुरात कागदाचे शत्रू पुष्कळ: कूलरचा दमटपणा, वाळवी, आणि सप्टेंबर २०२३ ची ती रात्र तुम्ही विसरला नसाल, अंबाझरी तलाव ओसंडून पाणी लोकांच्या तळमजल्यात शिरलं होतं. दुसऱ्या दिवशी गच्चीवर सातबारे आणि मार्कशीट वाळत घातलेल्या मी पाहिल्यात. म्हणून शब्द स्टीलवर घ्या. प्रत्येक शब्दाची पहिली चार अक्षरं पुरतात, यादी तशीच बनवलेली आहे. हार्डवेअरच्या दुकानात ठोकायचे अक्षरांचे पंच मिळतात, एक स्टीलची पट्टी आणि हातोडी घ्या. भांड्यांवर नाव घालणाऱ्याकडून कोरून घ्यायचा मोह होईल. त्याच्याकडून पातेल्यावर नाव घाला, शब्द नको. नाहीतर आपण बर्डीवरून निघून इतवारीत पुन्हा तिथेच पोचतो.

कुणी "पंचविसावा शब्द" म्हणून जास्तीचा पासवर्ड लावायला सांगेल. चांगली सोय आहे, पण तुमच्या बाबतीत चोरीपेक्षा विसरण्याचा धोका मोठा वाटतो मला. नको.

यापुढे कधीही, कुणीही शब्द मागितले की ते चोर, एवढं गणित ठेवा. कंपनी शब्द विचारत नाही. २०२० मध्ये लेजरच्या सुमारे २,७२,००० ग्राहकांची नावं, पत्ते, फोन नंबर बाहेर फुटले. त्यानंतर लोकांच्या घरी कंपनीच्या नावाची छापील पत्रं आणि "बदली म्हणून" बनावट वॉलेटं पोस्टानं आली होती. दारात कुरियर आला म्हणून वस्तू खरी होत नाही. आणि चुकून पैसे गेलेच तर पहिला फोन मुलाला नाही, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला करा, त्या तासाला किंमत असते.

बर्डीच्या पोरानं लिहिलेलं ते सुरेख अक्षरातलं कार्ड, जुन्या खात्यात एक पैसा उरला नाही याची खात्री झाल्यावर जाळून टाका. स्टीलची पट्टी एकच असू नये, दोन करा. एक बँकेच्या लॉकरमध्ये जाईल. दुसरी कुठे ठेवायची ते काकूंना ठरवू द्या, मुलाला कधी आणि कसं सांगायचं तेही. आणि जे ठरेल ते मला पत्रानं कळवू नका.